डायरेक्ट कन्व्हर्जन की सुपरहेट?

घरी एचएफचा (3 ते 30 मेगाहर्ट्झ, म्हणजे शॉर्टवेव्हचा) पहिला रिसीव्हर बनवायचा असेल तर माझं मत सरळ आहे, आधी डायरेक्ट कन्व्हर्जनच करा. एक ऑसिलेटर, एक मिक्सर (दोन सिग्नलमधल्या फरकाची फ्रिक्वेन्सी काढून देणारा), पुढे ऑडिओ अँप, झालं. ऑसिलेटर सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीला अगदी खेटून चालवायचा की मिक्सरमधून थेट आवाजच बाहेर, आयएफ (मधली ठरावीक फ्रिक्वेन्सी) नाही, अलाइनमेंटची कटकट नाही, आणि आवाज इतका स्वच्छ येतो की पहिल्यांदा ऐकणारा चाटच पडतो. 1968 साली वेस हेवर्ड आणि डिक बिंगहॅम यांचा क्यूएसटी या अमेरिकन हॅम रेडिओ मासिकात यावर लेख आला आणि होमब्रूवाले (घरी रेडिओ बनवणारे) याच्या नादी लागले ते उगाच नाही.

पण जवळजवळ सगळा गेन, साधारण 100 डीबी, ऑडिओतच घ्यावा लागतो, मग काय, डब्याला टिचकी मारली तरी स्पीकरमध्ये ठण्ण. अॅडॉप्टरवर चालवलात तर गुणगुणही येते, कारण आपल्याच ऑसिलेटरचा सिग्नल बाहेर गळतो, सप्लायच्या डायोडमधून हम घेऊन अँटेनातून परत आत येतो. बॅटरी लावली की हे बऱ्यापैकी थांबतं.

खरी पंचाईत पुढेच आहे. समजा 7030 किलोहर्ट्झवरचं सीडब्ल्यू (मोर्स) 700 हर्ट्झ टोनवर ऐकताय, म्हणजे ऑसिलेटर 7029.3 वर. आता 7028.6 वर कोणी की दाबली तर तोही बरोब्बर 700 लाच वाजणार! ऑडिओ फिल्टर कितीही भारी लावा, हे दोघं वेगळे होतच नाहीत. रिकाम्या बँडवर चालून जातं, कॉन्टेस्टच्या रात्री डोकं फिरतं.

सुपरहेट, म्हणजे सिग्नल आधी आयएफवर आणून मग आवाज काढणारा रिसीव्हर, इथे भाव खाऊन जातो, आयएफमधला क्रिस्टल लॅडर फिल्टर (क्रिस्टलच्या साखळीचा अरुंद फिल्टर) ऑसिलेटरपलीकडचा सिग्नल कापूनच टाकतो. बदल्यात इमेज, म्हणजे ऑसिलेटरच्या दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावरचा नको असलेला सिग्नल, गळ्यात पडते. 7.1 मेगाहर्ट्झ ऐकायला 455 किलोहर्ट्झचा आयएफ घेतला आणि ऑसिलेटर वर 7.555 ला ठेवला तर इमेज 8.01 वर, इतकी जवळची इमेज एखाददुसऱ्या कॉइलने नीट दबत नाही. आयएफ 9 मेगाहर्ट्झ करा, ऑसिलेटर 16.1 ला, इमेज पार 25.1 वर जाते. फक्त मग क्रिस्टल एकेक मोजून जुळवत बसा, आणि बीएफओ (आयएफमधून आवाज काढणारा दुसरा ऑसिलेटर) फिल्टरच्या कडेला नेमका बसवा (यात संध्याकाळ जाते, सांगून ठेवतो).

मधला मार्ग फेझिंगचा, 90 अंशांच्या फरकाने चालणारे दोन मिक्सर, म्हणजे ऑसिलेटरच्या पलीकडची बाजू (नको असलेली साइडबँड) आपोआप रद्द होते. पण फेजमध्ये एक अंश जरी चुकला तरी नको असलेली साइडबँड 41 डीबीच्या आसपासच दबते, आणि तो एक अंश सगळ्या ऑडिओ रेंजभर सांभाळायचा. त्यापेक्षा मला लॅडर फिल्टरच परवडतो.