धनिष्ठा दाखवाल का?

२०२३च्या डिसेंबरातला, अमावस्येच्या अलीकडचा शनिवार. वांगणीच्या माळावर आकाशदर्शनाला साठ-सत्तर माणसं होती. बहुतेकांना शनीची कडी बघायची असतात. रांगेतल्या पन्नाशीच्या एक बाई मात्र म्हणाल्या, "सर, धनिष्ठा दाखवाल का?"

धनिष्ठा सहसा कुणी मागत नाही. चिमुकलं नक्षत्र, पाश्चात्त्यांचा डॉल्फिन. त्यातला सर्वांत ठळक ताराही ३.६ प्रतीचा, म्हणजे मंदच, आणि डिसेंबरात ते नेमकं पश्चिमेच्या मुंबईच्या उजेडात उतरतं. त्यात कुणी मोबाईलची बॅटरी लावली की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस मिनिटं जातात. दरवेळी आधीच सांगतो, तरी कुणीतरी लावतंच. श्रवण ताऱ्यावरून लेझर वर सरकवत तो पतंगासारखा चौकोन आणि शेपटीचा तारा दाखवला. मग दुर्बीण त्यातल्या गॅमा नावाच्या ताऱ्यावर लावली. नुसत्या डोळ्यांना एक तारा, आठ इंची दुर्बिणीत दोन: एक सोनेरी, दुसरा फिकट. हा जोडतारा मला शनीपेक्षाही आवडतो.

बाईंनी डोळा लावला आणि बराच वेळ हलल्या नाहीत. मग तशाच वाकलेल्या म्हणाल्या, "सासरे पंचकात गेले. पुतळे जाळायचा विधी मी करू दिला नाही. सात महिन्यांनी मुलगा गेला. घरचे अजून मलाच बोलतात." पंचकात कुणी गेलं की घरात आणखी मृत्यू होतात, आणि ते टाळायला पुतळे जाळायचे, अशी समजूत.

आमचा एक सहकारी लगेच अंधश्रद्धेवर बोलू लागला. मुद्दा बरोबर, वेळ चुकीची. त्याला मी दुसऱ्या दुर्बिणीवर पाठवलं.

मी हिशेब सांगितला. पंचक म्हणजे चंद्र धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंत असतो तो काळ, सत्तावीसातली साडेचार नक्षत्रं. म्हणजे साधारण दर सहावा मृत्यू पंचकातच होणार. त्या गप्प. मग मी म्हणालो, "चंद्र या ताऱ्यांजवळ कधी येतच नाही." त्याच्या वाटेवर, कुंभेत, शनी चमकत होता. "हात ताठ करून या ताऱ्यांपासून शनीपर्यंत वीत मांडा." पहिली वीत पोचली नाही, दुसरी मांडावी लागली. "एवढा लांबून जातो?" म्हणत त्यांनी पुन्हा मोजलं, आणि मग रडल्या.

पण पंचांगातली धनिष्ठा म्हणजे हे तारे नव्हेत. ती चंद्राच्या वाटेवरचीच १३ अंश २० कलांची पट्टी. चंद्र दर महिन्याला तिच्यातून जातो, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. सहाव्या हिश्शाचा हिशेब पक्का होता, पण त्यांच्या मनाला लागली ती वीत. उद्या कुणा गुरुजींनी पट्टीची गोष्ट काढली तर? त्यांचा नंबरही मी घेतलेला नाही.