‘मी’ आणि ‘आपण’

बुधवार, रात्री

आज गुणात्मक संशोधनातल्या कोडिंगचा, म्हणजे मुलाखतीच्या मजकुरातल्या ओळींना त्यांच्या अर्थाची छोटी नावे (कोड) देण्याचा, दुसरा तास झाला. पहिल्या तासाला मी व्याख्या सांगितल्या होत्या आणि त्या सर्वांनी निमूटपणे उतरवून घेतल्या होत्या, म्हणून आज व्याख्यांना हात लावायचा नाही असे ठरवूनच वर्गात गेले. वर्गातल्या एका विद्यार्थिनीने अंथरुणाला खिळलेल्या सासूची शुश्रूषा करणाऱ्या एका बाईंची मुलाखत घेतली आहे. त्या मुलाखतीच्या प्रतिलेखनाची, म्हणजे ऐकून शब्दशः उतरवलेल्या मजकुराची, नावगाव काढून टाकलेली चार पाने मी सर्वांना दिली आणि ओळीओळीने कोड लिहायला सांगितले.

त्यांतल्या तीन वाक्यांवर जवळजवळ सगळा तास गेला. ‘मी रात्री दोन-तीनदा उठते, कूस बदलून देते. मग आपण विचार करतो, की हे असं किती दिवस चालणार. पण करावं लागतं.’ समासात कोड उमटले ते अपेक्षेप्रमाणेच: झोपेचा अभाव, मानसिक ताण, भविष्याची चिंता, कौटुंबिक जबाबदारी. यांतला एकही चुकीचा नाही, आणि अडचण तीच आहे. असे कोड मुलाखत न वाचताही लिहिता आले असते. ते विषयांची नावे सांगतात. त्या बाई बोलता बोलता काय करत आहेत, कशाशी झुंजत आहेत, काय उच्चारायचे टाळत आहेत, यांतले काहीच सांगत नाहीत.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला. ‘मॅडम, पहिल्या वाक्यात ‘मी’ आहे, मग दुसऱ्यात ‘आपण’ कसं आलं?’ हा विद्यार्थी सहसा बोलत नाही. खरे सांगायचे तर तयारी करताना मी स्वतः ‘करावं लागतं’ या कर्ता गाळलेल्या वाक्यावर खूण केली होती. ‘आपण’ माझ्या नजरेतून सुटले होते.

त्यानंतर वर्ग जागा झाला. एकीचे म्हणणे असे, की ‘आपण’ ही केवळ बोलण्याची सवय आहे आणि तिच्यात फार खोल शिरू नये. दुसऱ्याचे म्हणणे असे, की सासूचे हे सारे केव्हा संपेल हा विचार ‘मी’ म्हणून बोलणे त्या बाईंना जड गेले असावे, म्हणून त्यांनी तो ‘कोणालाही येईल असा विचार’ करून टाकला. तिसरीने सुचवले, की समोर बसलेल्या मुलाखतकर्तीलाही त्या ‘आपण’मध्ये ओढून घेत आहेत. मी कोणाचीच बाजू घेतली नाही. चारही पानांत ‘मी’ आणि ‘आपण’ कोठे कोठे येतात ते शोधा, एवढेच म्हटले. औषधे देणे, चादर बदलणे, डॉक्टरांना फोन करणे, ही सर्व कामे ‘मी’ने केलेली निघाली. ‘आपण’ चार वेळा आले. त्यांतले तीन थकवा किंवा राग यांच्या आसपासचे होते, आणि चौथे साधे: ‘आपण आतल्या खोलीत बसू या.’ ते चौथे बाजूला सारण्याची घाई एकाने केली, तेव्हा मात्र मी अडवले. न बसणारे उदाहरण टाकून द्यायचे नसते. दुसऱ्याने लावलेला अर्थ कोठवर लागू आहे आणि कोठे नाही, याची हद्द तेच दाखवते. समाजशास्त्रज्ञ ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये मांडलेली निरंतर तुलना, म्हणजे प्रत्येक उदाहरण बाकीच्यांशी सतत ताडून पाहणे, ती हीच, हे मी मुद्दाम शेवटी सांगितले. आधी सांगितले असते तर तेही उतरवून घेतले गेले असते.

‘मग बरोबर कोड कोणता?’ हा प्रश्न यायचा तो आलाच. दोघांच्या कोडिंगमधली सहमती मोजणारा कोहेन यांचा ‘कॅपा’ हा आकडा काढावा का, असेही एकीने विचारले. कोडांच्या व्याख्या आधी पक्क्या करून अनेकांनी काम वाटून घेतले असेल तर तो उपयोगाचा आहे. आज मात्र तीन जणांचे एकमत झाले नाही म्हणूनच आम्ही मजकुराकडे परत गेलो, आणि त्या मतभेदाचा एक आकडा करून ठेवला असता तर हाती काय उरले असते, असे मला वाटते. एका संशोधनाला १२ मुलाखती पुरतात का, हा प्रश्नही निघाला. तो आकडा २००६ च्या ज्या अभ्यासातून आला, त्यात बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती हाताशी होत्या, एवढे सांगून मी पुढे गेले.

एक गोष्ट वर्गात बोलले नाही. माझा स्वतःचा प्रबंध इंग्रजीत आहे आणि त्यातली अवतरणे मीच भाषांतरित केली होती. घरी आल्यावर जुनी मराठी प्रतिलेखने काढून पाहिली. निदान पाच ठिकाणी सहभागींच्या ‘आपण’चे मी सरळ ‘I’ करून टाकले आहे, वाक्य नीट लागावे म्हणून. त्यावर उभ्या केलेल्या प्रकरणात ‘या थीम (मजकुरातली मुख्य अर्थसूत्रे) पुढे आल्या’ असेही मी लिहिले आहे, जणू त्या आपल्या पायांनी चालत आल्या. थीम आपोआप वर येत नाहीत, त्या संशोधक घडवतो, हे थीम शोधण्याच्या पद्धतीवर लिहिणाऱ्या ब्राउन आणि क्लार्क यांचे म्हणणे मी दरवर्षी शिकवते.

तास संपल्यावर ती मुलाखतकर्ती विद्यार्थिनी थांबली. ‘त्या ‘आपण’च्या आधी त्या बराच वेळ गप्प होत्या, पण मी ते लिहिलं नाही. रिकामी जागा कशी लिहायची ते कळेना,’ असे ती म्हणाली. संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांच्या प्रतिलेखन-पद्धतीत विराम सेकंदाच्या दशांशापर्यंत कंसात नोंदवतात, ते तिला दाखवले. ध्वनिमुद्रण वर्गात ऐकवावे असा मोह झाला. पण संमतिपत्रात वर्गासाठी फक्त लिखित मजकुराची परवानगी आहे, आवाजाची नाही. म्हणून त्या चार पानांचे प्रतिलेखन ती विरामांसह पुन्हा करणार आहे. शुक्रवारच्या तासाला तीच पाने पुन्हा वाटायची, आजचे कोड न दाखवता.