साताऱ्यात वाघनखं पाहिली

वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात होती, तेव्हा आईला घेऊन ती पाहून आले. पोलादी पट्टी, चार वाकडी नखं, बोटांसाठी दोन कड्या. आई काचेसमोर हात जोडूनच उभी राहिली.

ती २०२४ मध्ये आली, तीन वर्षांसाठी उसनी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला १९८३ च्या कायद्यामुळे संग्रहातली वस्तू, मोजके अपवाद सोडले तर, देऊन टाकताच येत नाही. त्यांना ती मिळाली ग्रँट डफच्या वंशजांकडून. डफ साताऱ्यातच रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी होता. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत हे पडताळता येत नाही, असं म्युझियम स्वतः सांगतं. हे लपवू नये, मुलांनाही सांगावं, असं मला मनापासून वाटतं. आईलाही सांगितलं.

"असू दे गं. गेली तर इथूनच ना?"

साताऱ्यानंतर ती नागपूर, कोल्हापूरलाही न्यायचं ठरलं होतं.