तुम्ही विचारलंत म्हणून: एकही टॉर्पेडो लागला नाही, तरी एस्मंड का?

दुसऱ्या महायुद्धातल्या नौदल वैमानिकांचा विषय निघाला की मी ब्रिटिश वैमानिक यूजीन एस्मंडचं नाव घेतो आणि ठरलेला प्रश्न येतो: ज्याच्या तुकडीची सहाच्या सहा विमानं पडली, टॉर्पेडो (पाण्यातून जाऊन जहाजावर आदळणारं अस्त्र) एकही लागला नाही, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक कशाबद्दल? तो तर मरायलाच गेला होता ना?

मला तसं वाटत नाही. बत्तिशीतला एस्मंड इंपीरियल एअरवेजमध्ये टपाल आणि प्रवासी नेऊन मुरलेला वैमानिक होता. त्याचं सॉर्डफिश म्हणजे कापडाने मढवलेलं, उघड्या कॉकपिटचं दुपंखी विमान. टॉर्पेडो लावला की ताशी जेमतेम दीडशे किलोमीटर. टॉर्पेडो नीट सुटायचा तर लाटांलगत, सरळ रेषेत, एका वेगाने उडत राहावं लागतं. तोफांवर बसलेल्यांना याहून सोपं लक्ष्य कुठलं? म्हणून या विमानाला रात्रीचा आडोसा लागतो. 24 मे 1941 च्या रात्री एस्मंड व्हिक्टोरियस या विमानवाहू जहाजावरून नऊ सॉर्डफिश घेऊन बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करायला गेला, एक टॉर्पेडो लागला, आणि बरेचसे नवखे वैमानिक असूनही नऊच्या नऊ विमानं अंधारात जहाजावर परतली. त्याबद्दलचं डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हे लष्करी पदक घ्यायला तो 11 फेब्रुवारी 1942 ला बकिंगहॅम राजवाड्यात गेला होता.

दुसऱ्याच दिवशी शार्नहॉर्स्ट, ग्नायझेनाउ आणि प्रिन्झ ऑयगेन या जर्मन युद्धनौका इंग्लिश खाडीतून निघाल्याचं कळलं. जर्मन जहाजं डोव्हरची सामुद्रधुनी रात्रीच ओलांडणार, असं ब्रिटिशांनी धरलं होतं; मॅन्स्टनच्या हवाई तळावर एस्मंडच्या तुकडीची सहा सॉर्डफिश त्याच हिशेबाने ठेवलेली. जहाजं आली भर दुपारी. सोबतीला स्पिटफायर या लढाऊ विमानांच्या पाच स्क्वॉड्रन (तुकड्या) मिळायच्या होत्या. वेळेवर पोहोचली फक्त 10 विमानं. एस्मंड थोडा थांबला आणि साडेबाराच्या सुमारास जहाजांवर हल्ला करायला निघाला. पंखावर मारा झाला तरी त्याने दिशा सोडली नाही. सहा विमानांतल्या 18 जणांपैकी 13 गेले, तोही त्यांत.

व्हिक्टोरिया क्रॉसची शिफारस केली मॅन्स्टनचे तळप्रमुख टॉम ग्लीव्ह यांनी. ते हवाईदलाचे, 1940 मध्ये पेटत्या विमानातून भाजून बाहेर पडलेले. निघताना त्यांनी एस्मंडला पाहिलं होतं. आपण कुठे चाललोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं, अशी माझी खात्री आहे, आणि ते पदक मी त्या जाणिवेसाठीच मानतो. अपयशाचा जाब विचारायचा तर रात्रीचं गृहीत धरून बसलेल्यांना विचारा. चौकशी समिती नेमली गेली होती. तिचा अहवाल युद्ध संपेपर्यंत लोकांसमोर आला नाही.