पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून हवा मोजली – माझा अनुभव

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट निवडायचा होता आणि माझ्या डोक्यात अॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स, म्हणजे हवेमुळं बिघडलेलं ताऱ्याचं चित्र दुर्बिणीतच सुधारायचं तंत्र, आधीपासून बसलेलं. घरी आठ इंची आरशाची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हातानं फिरवायची दुर्बीण आहे, दोन वर्षं मी तिच्यावर नाराज होतो. कमी पॉवरला सगळं छान, पण मॅग्निफिकेशन दोनशेच्या वर नेलं की तारा उकळायला लागायचा, फुगायचा, फाटायचा, परत गोळा व्हायचा. मला वाटलं आरसाच खराब आलाय. ज्यांच्याकडून घेतली त्यांना किती फोन केले, कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं, तर दर आठवड्याला. आज्जी म्हणायची, "तारा हलायलाय तर हलू दे की गा, रात्रभर त्याच्या मागं काय लागलास?"

कॉलेजात सरांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "हवा मोजलास काय कधी?"

तिथून सगळं सुरू झालं. ताऱ्याचा प्रकाश इतका लांबून येतो की त्याची लाट आपल्या हवेत शिरेपर्यंत सपाट असते, मग शेवटच्या काही किलोमीटरमध्ये गरम-थंड हवेचे गोळे तिला चुरगळतात. दिसणाऱ्या प्रकाशात चांगल्या जागीसुद्धा ही लाट साधारण १० ते २० सेंटिमीटरच्या तुकड्यापुरतीच सपाट राहते, त्याला फ्रीड पॅरामीटर म्हणतात. म्हणजे नुसता आरसा मोठा करून प्रकाश जास्त मिळेल पण बारकावा नाही, १० मीटरच्या दुर्बिणीलाही हवा तेवढंच दाखवू देते. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

यावर उपाय होरेस बॅबकॉकनी १९५३ मध्येच सुचवला होता, लाट किती वाकडी झालीय ते मोजायचं आणि आरसा तेवढाच उलटा वाकवायचा, पण तेव्हा तेवढं वेगवान यंत्र नव्हतं. आज चिलीतल्या व्हीएलटी (व्हेरी लार्ज टेलिस्कोप) या चार मोठ्या दुर्बिणींच्या वेधशाळेत चौथ्या दुर्बिणीचा दुसरा आरसा १.१ मीटरचा आणि जेमतेम २ मिलिमीटर जाड आहे, मागं त्याला ढकलणारे-ओढणारे ११७० अॅक्च्युएटर, ते सेकंदाला हजारेक वेळा त्याचा आकार बदलतात. लाट मोजायला जवळ तेजस्वी तारा नसला तर लेसरनं ९० किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरात खोटा तारा पेटवतात. आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेनं अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर रोबो-एओ हे आपोआप चालणारं अॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सचं यंत्र केलं, ते तिथल्या पालोमार वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीवर चाललं, हे वाचून तर छाती भरून आली.

वाकणारा आरसा माझ्या आवाक्यातला नव्हता, पण मोजायचं अर्धं काम जमण्यासारखं होतं. जाड पुठ्ठा घेतला, कंपासनं आखून ५ सेंटिमीटरची दोन भोकं पाडली, मध्यापासून मध्यापर्यंत १३ सेंटिमीटर, आणि तो दुर्बिणीच्या तोंडावर बसवला. फोकस थोडा हलवला की एका ताऱ्याचे दोन ठिपके दिसतात. वाऱ्यानं दुर्बीण हलली तर दोन्ही ठिपके एकत्र हलतात, पण त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं तर ते हवेनंच केलं, कारण प्रत्येक भोकासमोरची हवा वेगळी. माझ्या डॉबला मोटर नाही, तारा सरकतच असतो, म्हणून ही पद्धत मला देवासारखी धावून आली. कॅमेरा ५ मिलिसेकंदांवर ठेवला, कारण जास्त वेळ उघडा ठेवला की हलणं पुसून जातं.

तारा घेतला प्रश्वा, जानेवारीत आमच्याकडं जवळजवळ डोक्यावर येतो. स्केल, म्हणजे एक पिक्सेल आकाशात केवढा, ते काढायला वेगळं काही लागलं नाही, आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतो (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), तो किती पिक्सेल सरकला ते मोजलं की झालं.

पहिले आठ दिवस सगळी मापं टेरेसवर घेतली, हवा ताऱ्याचा ठिपका केवढा फुगवते त्याचा आकडा ४ आर्कसेकंदाच्या आसपास, आणि आठ इंची आरशाला हवा नसती तर ०.७ च्या आसपास दिसायला हवं! कोड पुन्हा पुन्हा तपासला, चूक सापडेना. मग एकदा चप्पल काढून स्लॅबवर उभा राहिलो, रात्रीचे नऊ वाजले होते तरी तळवे गरम लागले. दिवसभर तापलेलं काँक्रीट माझ्या दुर्बिणीसमोरच गरम हवा सोडत होतं.

दुसऱ्या दिवशी मामाच्या टेम्पोतून दुर्बीण बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात नेली. भात निघालेलं, खाली मसूर, पलीकडं राजहंसगडाचा काळा आकार. तासभर आरसा थंड होऊ दिला आणि अकराच्या सुमारास रेकॉर्डिंग लावलं. लॅपटॉपवर ते दोन ठिपके कितीतरी शांत. आकडा २ च्या थोडं वर आला. मामा वाकून बघत म्हणाला, "हे थरथरतंय ते वारं काय रे?" मी म्हटलं, मामा, हे वारं न्हवं, वरची हवा, आणि ह्यालाच ते लोक आरशानं उलटं वाकवून सपाट करतात. तो बराच वेळ स्क्रीनवरून हलला नाही, शेवटी थंडी वाजली म्हणून मीच आवरतं घेतलं.

दोन भोकांनी फक्त दोन जागांच्या उतारातला फरक कळतो, लाटेचा सगळा आकार कळायला जास्त ठिपके पाहिजेत. शॅक-हार्टमन सेन्सरमध्ये त्यासाठी बारीक भिंगांची जाळी असते. मी नव्या पुठ्ठ्यावर बारा भोकं आखलीत, सात कापून झालीत.