पाठवणीपाशी अडकलेली डीव्हीडी

२००८ च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, एक ताई माझ्या कराडच्या स्टुडिओत आल्या आणि त्यांनी पिशवीतून तीन डीव्हीडी काढून काउंटरवर ठेवल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नाचे शूटिंग मीच केले होते. "दादा, तिन्ही पाठवणीपाशीच अडकतात. बाबा तिथंच आहेत हो," एवढेच त्या बोलल्या. त्यांचे वडील महिन्यापूर्वी वारले होते.

२००३ साली मी डीव्हीडी रायटर घेतला, तेव्हा एक कोरी डिस्क शंभराच्या वर पडे. त्यामुळे गिऱ्हाइकाला एकच प्रत देऊन कॅमेऱ्यातली मूळ मिनीडीव्ही कॅसेट मी कपाटात जपून ठेवीत असे. २००६ पर्यंत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पन्नास डिस्कचा डबा आणला, की डिस्क वीस रुपयांच्या आत पडू लागली. मग मी तीन-तीन प्रती देऊ लागलो आणि तीन प्रती आहेतच, या भरवशावर त्याच कॅसेटवर पुढचे लग्न घेऊ लागलो. (तासाभराच्या कॅसेटला संगणकावर सुमारे १३ जीबी जागा लागते, माझी हार्ड डिस्क ८० जीबीची होती, म्हणून तिथेही काही साठवून ठेवता येत नसे.) त्या तिन्ही प्रती एकाच डब्यातल्या, कंपनीचे नाव नसलेल्या डिस्कवर होत्या, हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही.

डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, तेव्हा कडेच्या पट्ट्यातला जांभळा रंग फिकट आणि ढगाळ झालेला दिसला. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि ज्यावर लिहिले जाते तो रंगद्रव्याचा थर प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांमध्ये असतो. ही चिकटवण कडेला कच्ची राहिली, की ओल आत शिरून तो थर बिघडवते. म्हणूनच हळद आणि मंगलाष्टका शाबूत राहिल्या होत्या, आणि गेली ती शेवटची पाठवणी.

रात्रभर दोन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये तिन्ही डिस्क मंद गतीने वाचत बसलो. एकीवर न वाचला गेलेला तुकडा दुसरीवर मिळत गेला. पहाटे उपरण्याच्या टोकाने डोळे पुसणारे वडील पडद्यावर आले. आवाज मधूनमधून तुटत होता आणि काही क्षण कायमचेच गेले होते, हे मी ताईंना स्पष्ट सांगितले. दोन निराळ्या कंपन्यांच्या डिस्कवर, कमी वेगाने, नव्या प्रती करून दिल्या. पैसे घेतले नाहीत.

त्या डब्यातल्या डिस्क ज्यांना दिल्या होत्या, त्यांची नावे वहीतून काढली आणि दुपारपासून एकेकाला फोन लावायला बसलो.