पहिल्या रात्री थंडी खालून आली

ओढ्याकाठची सपाट, मऊ गवताची जागा दिसली आणि आम्ही तिघांनीही सॅक तिथेच टाकल्या. उंची २४०० मीटर, मुक्काम दोन रात्रींचा. रात्री थंड हवा उतारावरून खाली येऊन खोलगट जागी साचते, हे वाचलेलं होतं, पण दमलेल्या माणसाला वाचलेलं काही आठवत नाही. पहाटे पारा तीन अंशांवर होता.

माझ्याकडे जाड स्लीपिंग बॅग होती, अंगात दोन थर होते, तरी पाठ गारठली. कारण साधं आहे. अंगाखाली बॅगेचा भराव दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि उरतं नुसतं कापड. खालून ऊब राखायचं काम मॅटचं, आणि मी नेली होती पातळ फोमची. मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते, तो आकडा जितका मोठा तितकी जमिनीची थंडी कमी लागते. फोमच्या साध्या मॅटची साधारण दोनच्या आसपास असते, कडक थंडीत चार-पाच तरी हवी. दोन मॅट एकावर एक घातल्या तर आकड्यांची बेरीज होते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी चांगली मॅट घ्या, भारी बॅग नंतर. बॅग घेतानाही तिच्यावर लिहिलेलं ‘कम्फर्ट’चं, म्हणजे आरामात झोप लागेल असं तापमान बघा. ‘लिमिट’चा आकडा अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र काढणाऱ्यासाठी असतो.

दुसरी चूक म्हणजे थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या झडपा बंद केल्या. तीन माणसांचा श्वास रात्रभर आत कोंडला आणि पहाटे छतावरून थेंब पडायला लागले. बॅगेत पिसांचा भराव असेल तर ओलावा फार वाईट, ती चोपून बसते आणि ऊब जाते. वरच्या झडपा थोड्या उघड्याच ठेवा, थंडी वाजली तर टोपी घाला.

स्वयंपाकाची फजिती वेगळीच. दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं, म्हणजे आमच्याकडे ९२च्या आसपास. सकाळपासून भिजवलेलं कडधान्य दीड तास रटरटलं तरी दाताखाली कचकचत होतं. गॅस मात्र भरपूर गेला. अशा उंचीवर पटकन शिजणारं किंवा घरून शिजवून वाळवलेलं न्या आणि भांड्यावर झाकण ठेवा. ओढ्याचं पाणी पिण्यासाठी खळखळून उकळलेलं हवं. सखल भागात एक मिनिट पुरतं, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं.

सकाळी शेगडीची ज्योत मिणमिणायला लागली. गॅसचा डबा थंड पडला होता, आणि आतला द्रव वायू होताना डबा आणखी गार होत जातो. अशा डब्यांत भरतात ते ब्युटेन तर शून्याच्या जवळपास वायू व्हायचंच थांबतं, म्हणून थंडीसाठी प्रोपेन मिसळलेला डबा घ्यावा. आम्ही डबा कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवला आणि ज्योत सुधारली. डबा आगीजवळ धरू नका, आणि डब्यावरच बसवलेल्या बर्नरभोवती वाऱ्याचा आडोसा गच्च गुंडाळू नका. डबा तापून फुटू शकतो. बाहेर पाऊस असला तरी तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे कळत काहीच नाही. याबाबतीत मी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी तंबू ओढ्यापासून वर, झाडांच्या आडोशाला हलवला. तशीही पाण्यापासून साठेक मीटर अंतर ठेवायची रीत चांगली, भांडी घासतानासुद्धा. डोक्यावर वाळकी फांदी लोंबत नाही ना, एवढं पाहिलं. मॅटखाली रिकाम्या सॅक आणि दोऱ्या पसरल्या. झोपण्याआधी थोडं खाल्लं, कोरडे मोजे घातले, गरम पाण्याची बाटली (झाकण दोनदा तपासून) बॅगेत पायाशी सरकवली.

पाच तास सलग झोप लागली. जाग आली ती थंडीने नाही, शेजारच्याच्या घोरण्याने. कानातले बोळे आता मॅटच्या पिशवीतच ठेवतो.